ज्यू संस्थांच्या नेतृत्वाचा अभ्यासक्रम : ओरिएंटेशनच्या दिवसाचा अनुभव

बोस्टनजवळच्या एका विद्यापीठात, ज्यू समाजाच्या ना-नफा संस्था चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी नव्या विद्यार्थ्यांसाठी पूर्ण दिवसाचे ओरिएंटेशन असते. भारतातून, विशेषतः आमच्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातून, कोणी या वाटेला येण्याचा विचार करत असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग सकाळचा होता. बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमोनिडीजने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतली सर्वांत वरची म्हणजे गरजूला भागीदारी, कर्ज किंवा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे, आणि तिच्या खालची म्हणजे देणाऱ्याला घेणारा व घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसणे. हा उतारा जोड्याजोड्यांनी मोठ्याने वाचून त्यावर वाद घालायचा होता. ज्यू अभ्यासपरंपरेत या पद्धतीला हेवरुता म्हणतात. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरणे दुसऱ्या पायरीच्या विरुद्ध जाते, असे माझे म्हणणे होते. माझी जोडीदार निधी उभारण्याचे काम करून आलेली होती. भिंतीवरचे नाव वाचले की दुसऱ्यालाही द्यावेसे वाटते, असे तिने सांगितले. आपल्याकडच्या संगमरवरी पाट्यांवरची नावे आणि पुढचे रुपयांचे आकडे आठवून मला तिचा मुद्दा खोडता येईना.

त्यानंतरचे सत्र हिशेबाचे होते आणि तेही तितकेच कसदार झाले. अमेरिकेतील ना-नफा संस्था दरवर्षी करखात्याला फॉर्म ९९० सादर करतात. तो कोणालाही पाहता येतो आणि त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगारसुद्धा असतात. सिनेगॉगांना, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांना, मात्र तो भरण्याचे बंधन नाही. १८९५ मध्ये बोस्टनच्या ज्यू धर्मादाय संस्थांनी एकत्र येऊन सामाईक वर्गणीचे फेडरेशन कसे उभारले, हेही शिक्षकांनी याच ओघात समजावले, त्यामुळे आजच्या फेडरेशनचा ताळेबंद वाचताना पैसा कुठून कुठे जातो ते नीट कळले. ग्रंथालयाची फेरी आणि ओळखपत्राचे सोपस्कार ठीक होते.

दुपारची ओळख मात्र मला खटकली. प्रत्येकाने लहानपणी कोणत्या ज्यू समर कॅम्पला, म्हणजे मुलांच्या उन्हाळी शिबिराला, जात होतो ते सांगून स्वतःची ओळख करून द्यायची होती. अमेरिकेत वाढलेल्यांना हा प्रश्न सहज होता. ठाण्यात वाढलेल्या मला, आणि माझ्याशेजारी बसलेल्या अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्याला, सांगण्यासारखे काही नव्हते. कोणाच्या मनात वाईट नव्हते हे मी जाणते, तरीही जगभरच्या ज्यू समाजाच्या संस्था चालवायला निघालेल्यांच्या पहिल्याच दिवशी ज्यू असण्याचा एकच साचा गृहीत धरला जावा, याचे मला वाईट वाटले.

दुसरी उणीव व्यवहाराची होती. या अभ्यासक्रमात संस्थेत प्रत्यक्ष काम करावे लागते, पण परदेशी विद्यार्थ्यांच्या परवानगीविषयी दिवसभरात एक शब्दही निघाला नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाबाहेर असे काम करण्याची परवानगी सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. पदव्युत्तर अभ्यासक्रमातच ते काम सुरुवातीपासून अनिवार्य असेल तर आधीही मिळू शकते. म्हणून येणाऱ्यांनी प्रवेश पक्का होताच परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला हा प्रश्न लेखी विचारावा आणि परवानगी हातात आल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये.

सायंकाळी अभिप्रायाचा कागद दिला गेला. सकाळच्या दोन्ही सत्रांना मी पूर्ण गुण दिले, आणि ओळखीच्या प्रश्नाऐवजी ‘तुमच्या घरात दानाचे पैसे कुठे ठेवत असत?’ असे विचारावे, असे खाली लिहिले. तो प्रश्न असता तर आजीच्या ओट्यावरच्या, शुक्रवारी दिवे लावण्याआधी नाणे पडणाऱ्या पितळी डब्याविषयी मी बोलले असते.