फिनॉक्सीइथेनॉल की सोडियम बेंझोएट?
फोंड्यातील बचत गटाच्या एका ताईंना कोरफडीच्या क्रीमसाठी कोणते परिरक्षक (क्रीम खराब होऊ न देणारा पदार्थ) घ्यावे, हे ठरत नव्हते. सोडियम बेंझोएट स्वस्त असून पाण्यात सहज विरघळते. परंतु खरे काम करते ते त्यापासून बनणारे बेंझोइक आम्ल, आणि ते पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ५ ला सुमारे १४ टक्के आणि ६ ला जेमतेम दीड टक्काच उरते, त्यामुळे प्रत्येक वेळी पीएच मोजण्याचे कष्ट टळत नाहीत. फिनॉक्सीइथेनॉल पीएचबाबत इतके हट्टी नाही, मात्र बुरशीपुढे ते काहीसे दुबळे पडते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तर चपलांनाही बुरशी येते. युरोपीय संघात फिनॉक्सीइथेनॉलच्या प्रमाणाची मर्यादा १ टक्का आहे. पीएच ४.५ च्या आसपास राखता येणाऱ्या जेलला बेंझोएट, तर ६ च्या पुढील क्रीमला बुरशीरोधकाच्या जोडीने फिनॉक्सीइथेनॉल योग्य ठरेल. पाण्याचा अंशही नसलेल्या खोबरेलाच्या मलमाला सहसा दोन्ही लागत नाहीत.