११२ ची सर्व्हिस, पाथर्डी फाट्याकडचा अनुभव (५ स्टार)

आमच्या नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याकडच्या कॉलनीत मोठे गुन्हे असे नाहीतच, भांडणं होतात ती पार्किंगवरून, कुत्र्यांवरून नाहीतर हळदीच्या डीजेवरून, आणि एवढ्याशासाठी पोलिसांना कशाला त्रास द्यायचा म्हणून सगळे गप्प बसतात. म्हणून मुद्दाम लिहितेय, ११२ या इमर्जन्सी नंबरला बिनधास्त फोन करा.

परवा रात्री साडेअकरा वाजून गेले तरी मागच्या गल्लीत डीजे चालूच, खिडकीच्या काचा थरथरतायत, शेजारच्या आजींची बायपास झालेली, शेवटी लावला फोन. हा फोन नाशिकमध्ये नाही, नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या सेंटरला लागतो आणि तिथून माहिती आपल्याकडच्या गाडीला जाते, त्यामुळे नुसतं 'फाट्याजवळ' सांगून भागत नाही, शहर, कॉलनी, जवळचं मंदिर किंवा शाळा सगळं नीट सांगा. थोड्या वेळात गाडीतल्या हवालदारांचाच फोन, "ताई, नेमकं कुठे?" आणि आलेच. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही, नवरदेवाच्या काकांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर चालत नाही, २००० सालापासूनचा नियम आहे. डीजे बंद. लग्नघर आहे याचं भान ठेवून बोलले ते, मला हेच सगळ्यात आवडलं.

आणि हो, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर थेट १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, तोही लगेच, सकाळची वाट बघत बसू नका.