सैतान थुंकण्याआधीची ब्रॅम्बल जेली

पश्चिम इंग्लंडमधल्या एका खेड्यातील फार्म शॉपमध्ये शरद ऋतूत विकायला येणाऱ्या एका भेटपेटीचे हे परीक्षण आहे. पेटीत ब्रॅम्बल आणि सफरचंदाच्या जेलीची 227 ग्रॅमची एक बरणी आणि ब्लॅकबेरीच्या लोकपरंपरेची माहिती देणारी चार पानी घडीपत्रिका असते; किंमत साडेनऊ पौंड. ब्रॅम्बल म्हणजे ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, आणि स्कॉटलंडमध्ये तर फळालाही तेच नाव आहे. एवढ्याशा बरणीसाठी इतके पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार होते ते पत्रिकेमुळे आणि वेष्टनावर ठसठशीत छापलेल्या ‘मायकेलमसच्या आधी खुडलेली फळे’ या ओळीमुळे (मायकेलमस हा सप्टेंबरअखेरचा ख्रिस्ती सण), म्हणून जेलीइतकीच त्या मजकुराचीही पारख करणे भाग आहे.

जेलीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. बरणी खिडकीपाशी धरली की गडद लाल रंगातून पलीकडचे दिसते. शिजवलेला लगदा मलमलच्या पिशवीत रात्रभर टांगून, पिशवी अजिबात न पिळता, आपोआप गळलेला रसच तेवढा घेतला तर जेलीला हा नितळपणा येतो. घाईने पिशवी पिळली की ती गढूळ होते. चमच्याने काढलेल्या जागी कडा ताठ उभी राहते आणि दुसऱ्या दिवशीही तिथे पाणी सुटलेले दिसत नाही. पूर्ण पिकलेल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट धरणारा फळातला घटक, कमी असल्यामुळे तिच्या जोडीला आंबट सफरचंद घालण्याची इंग्रजी स्वयंपाकघरातली रीत जुनी आहे, आणि येथे ती नेमक्या प्रमाणात पाळली आहे. गरम पोळीला लोणी लावून त्यावर ही जेली पसरली तर आंबटपणा आधी कळतो आणि फळाची चव मागाहून येते. साखर मात्र थोडी कमी चालली असती.

उणीव आहे ती सुगंधात, आणि तिचे कारण बरणीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडते: फळे लागवडीची आहेत. ब्रिटनमधल्या रानटी ब्लॅकबेरीचे तीनशेहून अधिक सूक्ष्म प्रकार वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळे ओळखले आहेत, त्यामुळे एकाच बांधावरच्या दोन जाळ्यांची फळेही चवीला सारखी नसतात, आणि घोसाच्या टोकाचे सर्वांत आधी पिकणारे फळ उरलेल्या फळांपेक्षा मोठे आणि गोड असते. अशी मिसळीची फळे शिजवल्यावर येणारा लवंगेच्या जवळ जाणारा वास या बरणीत नाही. करवंदाच्या जाळीत हात घालून ओरखडे काढून घेतलेल्या माणसाला बांधावरचे फळ आणि वाफ्यातले फळ यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता त्या ओळीविषयी. मायकेलमस म्हणजे संत मायकेल या देवदूताचा सण. तो 29 सप्टेंबरला येतो. मायकेलने सैतानाला स्वर्गातून खाली ढकलले, तो नेमका ब्रॅम्बलच्या काट्यांत पडला आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तो राग काढण्यासाठी ब्लॅकबेरीवर थुंकतो, अशी इंग्लंडमधली जुनी समजूत आहे. काही भागांत तो फळे पायांखाली तुडवतो, तर काही भागांत त्यांवर मुततो. पत्रिकेने सभ्यपणे थुंकण्यावरच भागवले आहे. समजुतीमागचा अनुभव खरा आहे, कारण त्या सुमारास ओल वाढून फळांवर बुरशी धरते आणि ती बेचव होतात. परंतु 1752 साली ब्रिटनने दिनदर्शिका बदलताना अकरा दिवस गाळले, त्यामुळे जुन्या हिशेबाचा मायकेलमस 10 ऑक्टोबरला जाऊन पडतो आणि अनेक गावांत हाच दिवस धरला जाई, याचा पत्रिकेत उल्लेखही नाही. त्याहून मोठा प्रश्न असा की लागवडीच्या ब्लॅकबेरीचा मुख्य बहर उन्हाळ्यातच येत असताना ती मायकेलमसच्या आधी खुडली हे सांगण्यात विशेष ते काय? विधान खोटे नाही, पण ते वाचून बांधावरच्या फळांचे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि विक्रेत्याला तेच हवे असावे.

बोलण्यातल्या ब्लॅकबेरीवरचे पान पत्रिकेत सर्वांत वाचनीय आहे. पैशाला पासरी मिळणाऱ्या वस्तूसाठी इंग्रजीत ब्लॅकबेरीचा दाखला देत, आणि शेक्सपियरचा फॉल्स्टाफ ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात तोच वापरतो: कारणे ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी बळजबरीने मागणाऱ्याला मी एकही दिले नसते. पत्रिका येथे थांबते. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, चौदाव्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काव्यातला, पापांची क्षमापत्रे विकणारा पार्डनर निर्लज्जपणे सांगतो की माणसे एकदा पुरली गेली की त्यांचे आत्मे ब्लॅकबेरी वेचत हिंडले तरी मला त्याचे काय! फळ इतके फुकटचे होते की ते वेचायला जाणे म्हणजे वाट सोडून भरकटणे, असा त्यातला सूर आहे. तो या पानावर यायला हवा होता, अर्थात साडेनऊ पौंडांच्या पेटीत तो विक्रेत्याला अडचणीचाच ठरला असता.

डांग्या खोकला झालेल्या मुलाला ब्रॅम्बलच्या कमानीखालून सरपटत नेण्याच्या प्रथेला पत्रिकेत एक चित्र दिले आहे. फांदीचे टोक वाकून जमिनीला टेकले की तिथेही मुळे फुटतात, आणि अशी दोन्ही टोकांनी रुजलेली कमानच या उपचाराला लागे, हा बारकावा त्या चित्रात अचूक उतरला आहे; चित्रकाराने झुडूप पाहून काढले असावे. विसाव्या शतकाला मात्र जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. 1918 साली सैन्यासाठी मुरांबा करायला शाळकरी मुलांना सरकारी योजनेखाली ब्लॅकबेरी वेचायला पाठवले गेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात रेशनच्या दिवसांत विमेन्स इन्स्टिट्यूट या ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेतल्या बायकांनी सरकारने दिलेल्या साखरेवर गावोगावी फळे टिकवली. बांधावरचे फळ देशाच्या कोठारात गेले तो हा काळ, आणि नेमका तोच येथे उरकला आहे.

ज्यांना फळच हवे आहे त्यांना दुकानाची गरज नाही. 1968 च्या चोरीविषयक कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये रानटी झुडपाची फळे विक्रीचा हेतू नसताना खुडणे ही चोरी ठरत नाही, मग जमीन कोणाचीही असो. मात्र त्यासाठी दुसऱ्याच्या आवारात शिरण्याची मुभा हा कायदा देत नाही. ज्यांना तयार जेली हवी आहे त्यांनी ही जेली जरूर घ्यावी, पण पेटी घेऊ नये. तीच बरणी त्याच फळीवर पेटीशिवाय सव्वाचार पौंडांना मिळते, आणि पत्रिका गल्ल्याशेजारी फुकट ठेवलेली असते.