ओपनफोम: आठ महिने वापरल्यावर

भांडुपच्या आमच्या वर्कशॉपमध्ये साध्या मिनीबसला एसी बसवून देतात. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात येतो, म्हणजे इंजिनच्या वाट्याला आधीच तापलेली हवा. एक बस साकीनाक्याच्या जॅममध्ये उकळली. मालक फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हवा कुठून कशी वाहते ते कॉम्प्युटरवर सोडवून बघायचं ठरवलं. त्यासाठीच्या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आवाक्याबाहेरचं, म्हणून ओपनफोम. 2004 पासून ओपन सोर्स आहे, फुकट आहे.

फुकट म्हणजे पैशाने. पहिले दोन महिने नुसते मेशमध्ये, म्हणजे हवेच्या जागेचे बारीक तुकडे पाडण्यात, गेले. त्यात फाउंडेशनची आणि ईएसआयची अशा याच्या दोन शाखा. एकीत मांडलेली केस (गणिताच्या फायली) दुसरीत चालेलच असं नाही. हे कळेपर्यंत माझे दोन रविवार गेले.

रेडिएटरची एकेक फिन (पातळ पत्रा) काढत बसायची नसते. तो सच्छिद्र ठोकळा धरायचा आणि हवेच्या वेगागणिक दाब किती पडतो ते डार्सी-फोर्शहायमर सूत्राच्या दोन सहगुणकांत बसवायचं, एक वेगासाठी, एक वेगाच्या वर्गासाठी. मी घसरले ती इथेच. सूत्रात वेगाच्या वर्गापुढे 'अर्धा' आधीच बसलेला असतो, त्यामुळे टेस्टच्या आलेखावरून काढलेला तो आकडा दुप्पट करून द्यावा लागतो. मी तसाच दिला. स्क्रीनवर रेडिएटर हवेला जेमतेम अडवत होता, बस गारेगार. रस्त्यावर काटा लालला टेकलेला. तीन आठवडे मी पंख्याला शिव्या घातल्या.

पंखाही अगदी साळसूद नाही म्हणा. एमआरएफ पद्धतीत पाती जागच्या जागी गोठवून फिरण्याचा परिणाम फक्त गणितात धरलेला असतो, त्यामुळे हवा बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दिसते. पाती खरंच फिरवून सोडवायला आमच्या पीसीला अनेक रात्री लागतात. मी पंख्याच्या कर्व्हशी (किती दाबाला किती हवा, तो आलेख) ताडून पुढे जाते.

हे सॉफ्टवेअर खरं कामी आलं ते उभ्या गाडीसाठी. रेडिएटरमागून निघणाऱ्या हवेला मार्कर लावला आणि त्यातली किती पुन्हा पुढे येते ते पाहिलं. कंडेन्सर बसवताना कापलेल्या रबरी पट्टीच्या फटीतून गरम हवा वळसा घालून परत ग्रिलपाशी येत होती. मिस्त्रीकाका म्हणाले, "मॅडम, हे मी हात लावून सांगितलं असतं." खरंय. पण त्यांनी बाजूच्या फटी बुजवल्या असत्या. जास्त हवा खालून येत होती.

कूलंटच्या बाजूला मात्र थ्रीडी नकोच. पंप, थर्मोस्टॅट, होज यांचं वन-डी मॉडेल मी पायथनमध्ये एनटीयू पद्धतीने (रेडिएटर किती उष्णता काढेल त्याचा सोपा हिशोब) लिहिलंय, काही सेकंदांत उत्तर येतं. फक्त कूलंटचा विशिष्ट उष्मा म्हणून पाण्याचा, 4.2 (kJ/kg·K), टाकू नका. निम्मं ग्लायकॉल असेल तर 3.5 च्या आसपास धरा. आणि मुंबईच्या दमट हवेला बोल लावणाऱ्यांनो, दमटपणाने हवेची घनता एक-दोन टक्केच उतरते.

पाऊस थांबला की भरलेली बस कसारा घाटात न्यायची आहे. मॉडेल म्हणतंय, चढेल. मिस्त्रीकाकांनी पाण्याचे दोन कॅन आत्तापासूनच बाजूला काढून ठेवलेत.