लँग्वेज आर्ट्सची फ्लॅशकार्ड : अर्धी भारी, अर्धी नुसती घोकंपट्टी

पोरीसाठी इंग्रजी वाचन-लेखनातल्या टर्म्सचा कार्ड सेट घेतला, प्रीफिक्स (शब्दाच्या आधी जोडायचा तुकडा), सफिक्स (शेवटी जोडायचा), सिनोनिम (समानार्थी शब्द), प्लॉट (कथानक), सेटिंग (गोष्टीची जागा आणि काळ), मेन आयडिया (मुख्य मुद्दा) वगैरे सगळं आहे. कार्ड जाड आहेत, अक्षर मोठं, रंग जरा भडक पण चालतंय.

प्रीफिक्सची कार्डं एकदम मस्त. 'अनहॅपी', 'अनडू' दिलंय आणि त्याच्याच शेजारी 'अंकल' पण टाकलाय, की बघा इथे सुरुवातीला तीच 'un' अक्षरं आहेत पण प्रीफिक्स नाहीये! हे असं चुकीचं उदाहरण दाखवलं की मुलांना पटकन कळतं, फ्रेयर मॉडेल म्हणून १९६९ पासूनची पद्धत आहे त्यात हेच असतं, चार चौकोन, व्याख्या, वैशिष्ट्यं, उदाहरणं आणि उदाहरणात न बसणाऱ्या गोष्टी.

पण पुढे काय झालं कळत नाही, सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), इन्फरन्स (दिलेल्यावरून न सांगितलेलं ओळखणं) या कार्डांवर फक्त व्याख्या, ती पण मोठ्यांच्या डिक्शनरीतून उचलल्यासारखी. अहो इन्फरन्स व्याख्येने कसा कळणार, छोटा उतारा तरी द्या ना, मुलगा ओली छत्री घेऊन घरात आला तर बाहेर काय चाललं असेल? एवढंच पुरलं असतं. मेन आयडिया आणि टॉपिक (नुसता विषय) यातला फरक तर कुठेच नाही, आणि मुलं तिथेच सगळ्यात जास्त गोंधळतात.

मागची बाजू कोरी आहे, आम्ही तिथे तिलाच स्वतःचं वाक्य लिहायला लावतो. दुसरी-तिसरीच्या मुलांना घ्या, त्यापुढच्यांना नको.