अर्थिंगचे पैसे घेतले आणि सॉकेटमध्ये तारेचा तुकडा जोडून दिला

आमच्या छपाईच्या युनिटचे वायरिंग नव्याने करताना ठेकेदाराने जीआय (जस्तलेपित लोखंडी) पाइपातून प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपर्यंत स्वतंत्र हिरवी अर्थ वायर आणि इमारतीमागे अर्थिंगचा खड्डा, अशा दोन्ही कामांचे पूर्ण पैसे घेतले. ती कामे केवळ दाखवण्यापुरती होती, हे कटिंग मशिनच्या बॉडीला हात लागून आमच्या एका कामगाराला जबर शॉक बसला तेव्हा उघड झाले. सुदैवाने तो वाचला. एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडला नाही, कारण माणसाचा जीव घेण्यास पुरेसा असलेला प्रवाहही एमसीबी पाडण्यास फार अपुरा असतो.

दुसऱ्या परवानाधारक वायरमनने सॉकेट उघडला. आत हिरव्या वायरचा वीतभर तुकडा होता, त्याचे दुसरे टोक पाइपात तसेच कापून सोडलेले होते, आणि अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) स्क्रूपर्यंत काळ्या वायरचा बोटभर तुकडा आवळलेला होता. डीबीमधील (वीज वाटणाऱ्या पेटीतील) न्यूट्रलचा स्क्रू सैल झाल्याबरोबर फेज (जिवंत तारेतील दाब) मशिनच्या मोटरमधून फिरून याच तुकड्यावाटे बॉडीवर आला. पाइपाचे जोड रंगावरच चढवलेले असल्याने धातूला धातू लागत नव्हता, त्यामुळे अर्थ म्हणून पाइपाचाही आधार उरला नव्हता. खड्ड्यात 2.5 मीटरच्या पाइपाऐवजी हातभर पाइप पुरलेला होता आणि त्याला डीबीकडून येणारी अर्थची पट्टीच जोडलेली नव्हती. याला मी हलगर्जी म्हणणार नाही; हा जाणूनबुजून केलेला, माणसांच्या जिवावर उठणारा गुन्हा आहे.

ही लबाडी लपते, कारण फेज आणि अर्थ यांच्यात टेस्ट लॅम्प लावला की तो लख्ख पेटतो. आरसीसीबी (जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा स्विच) असला, तरी मशिनमधील गळती या तुकड्यावाटे न्यूट्रलनेच परत जाते आणि त्याला फरक जाणवत नाही. त्याचे टेस्टचे बटण मात्र व्यवस्थित चालते. म्हणून न्यूट्रलसुद्धा तोडणारा मेन स्विच बंद करून, पुरवठा खरोखर बंद असल्याची खात्री झाल्यावर, परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेटच्या न्यूट्रल व अर्थमधील रेझिस्टन्स मोजून घ्यावा. तो शून्याजवळ आला, तर सॉकेट उघडायला लावावा. खड्ड्यातील अर्थिंगच्या रेझिस्टन्सचे मोजमाप अर्थ टेस्टरने आपल्यासमोर करून घ्यावे, आणि या दोन्हींचा सहीचा अहवाल हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये. आम्ही विद्युत निरीक्षकांकडे लेखी तक्रार केली असून काढलेले तुकडे फोटोंसह जपून ठेवले आहेत.