वायरलेसमधली पीएच.डी. संपली, आता खुर्ची कुठली? अमेरिका, आयआयटी आणि आपलं कॉलेज

वायरलेस कम्युनिकेशनमधली पीएच.डी. संपत आली की सल्ला देणाऱ्यांची कमी नसते आणि सल्लाही बहुतेक एकच असतो : मिळेल त्यातलं सगळ्यांत मोठं नाव घे. रँकिंग बघ, पगार बघ, सही करून मोकळा हो. आपल्या विषयात हा सल्ला फसवा आहे. ‘वायरलेसचा प्राध्यापक’ या एकाच पाटीखाली तीन वेगळ्या प्रकारची माणसं बसलेली असतात. एक आयुष्यभर सिद्धता मांडत राहतो. दुसरा रस्त्यावर ट्रायपॉड उभा करून अँटेना फिरवतो आणि चॅनेल, म्हणजे हवेतून जाताना सिग्नलचं काय होतं ते, मोजतो. तिसरा थ्रीजीपीपीच्या, म्हणजे मोबाईलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या, बैठकांत एका तक्त्यातल्या एका ओळीसाठी रात्र जागवतो. तिघांना लागणारी जागा, पैसा आणि सवड यांत काडीचं साम्य नाही. म्हणून आधी तुम्ही यातले कोण हे ठरवा, खुर्चीचं नंतर बघू.

पगाराचं आधी उरकून टाकतो, कारण घरचे पहिल्यांदा तेच विचारणार. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ ची मूळ वेतनाची सुरुवात सातव्या आयोगानुसार १,०१,५०० रुपयांपासून होते. वर महागाई भत्ता, आणि बहुतेक ठिकाणी कॅम्पसवर घर. मात्र पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव नसेल तर ग्रेड २ वर, करारावर घेतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या वेतनश्रेणीत असिस्टंट प्रोफेसरची सुरुवात ५७,७०० पासून. विनाअनुदानित कॉलेजात ही श्रेणी खरोखर हातात पडते का, हे नेमणूकपत्रावरून कळत नाही; तिथे आधीपासून असलेल्या कोणाला तरी बाजूला घेऊन विचारावं लागतं. अमेरिकेत पगार नऊ महिन्यांचा. उन्हाळ्याचा पगार स्वतःच्या ग्रँटमधून काढायचा, आणि एनएसएफच्या (तिथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या) पैशातून साधारण दोनच महिन्यांचा निघतो. डॉलरला रुपयांनी गुणण्यात मजा असते, पण घरभाडं आणि पाळणाघराची फीही डॉलरमध्येच जाते.

विद्यार्थ्याचं पोट कोण भरतं?

प्राध्यापकाच्या कारकिर्दीचा निकाल लावणारा प्रश्न माझ्या मते हा आहे, आणि मुलाखतीला जाणारे नेमका हाच विचारत नाहीत.

अमेरिकेत पीएच.डी.चा विद्यार्थी तुमच्या पैशावर जगतो. त्याचा स्टायपेंड, बऱ्याचदा त्याची ट्यूशनसुद्धा, तुमच्या ग्रँटमधून जाते. रुजू होताना स्टार्टअप पॅकेज, म्हणजे प्रयोगशाळा उभारायला विद्यापीठाकडून सुरुवातीचा पैसा, मिळतं. ते दोन-तीन वर्षं पुरतं. तेवढ्यात एनएसएफचं नव्या प्राध्यापकांसाठीचं करिअर अवॉर्ड किंवा तशीच एखादी ग्रँट आली नाही, तर प्रयोगशाळा बंद पडत नाही, पण नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि टेन्युअरच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याच्या, आधीची सगळ्यांत मोलाची दोन वर्षं प्रस्ताव लिहिण्यात जातात. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने एनएसएफचं बजेट निम्म्याहून जास्त कापण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, पण पाच वर्षांचं गणित मांडणाऱ्या नव्या प्राध्यापकाला एवढी धाकधूकही पुरते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. विद्यापीठांना एच-१बीच्या लॉटरीतून सूट असते, म्हणून प्राध्यापकांना व्हिसाचा त्रास नाही, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ते आता डोळे मिटून धरून चालू नका.

आयआयटीत चित्र उलटं आहे. विद्यार्थ्याची फेलोशिप सरकार देतं : २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००; पंतप्रधान रिसर्च फेलो असेल तर ७०,००० पासून ८०,००० पर्यंत. तुमच्याकडे एक रुपयाची ग्रँट नसली तरी तुमचा विद्यार्थी उपाशी राहत नाही. अमेरिकेतल्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर त्याला हेवा वाटतो. गोम अशी की चांगला बी.टेक. विद्यार्थी इथे पीएच.डी.ला थांबत नाही. तो बंगळूरला चिप कंपनीत जातो, नाहीतर तुमच्याच शिफारसपत्रावर परदेशी जातो. पैसा आहे, पण त्या पैशाला भुलणारी माणसं थोडी.

आणि आपलं विद्यापीठ-संलग्न कॉलेज? तिथे पीएच.डी.ला नाव घालणारा बहुतेक दुसऱ्या कॉलेजातला शिक्षक असतो. दिवसा तास घेतो, फी स्वतःच्या खिशातून भरतो, आणि प्रगती अहवालाच्या आदल्या शनिवारी सिम्युलेशन चालवतो. यूजीसीच्या नियमाने असिस्टंट प्रोफेसरला चार, असोसिएटला सहा आणि प्रोफेसरला आठ विद्यार्थी घेता येतात. चारही जागा भरलेल्या असून पूर्ण वेळ काम करणारा एकही नाही, हे दृश्य महाराष्ट्रात नवं नाही. त्या विद्यार्थ्यांचा काही दोष नाही. पण तुमचं संशोधन त्यांच्या शनिवारांवर उभं राहणार असेल, तर ते आधीच माहीत असलेलं बरं.

हवेत सिग्नल सोडायचा असेल तर

संगणकशास्त्राच्या मित्राला ही अडचण समजतच नाही. त्याला सर्व्हर मिळाला की काम सुरू. आपल्याला सिग्नल हवेत सोडायला परवानगी लागते. अमेरिकेत एफसीसी ही दूरसंचार-नियामक संस्था विद्यापीठांना प्रायोगिक परवाने देते. शिवाय सॉल्ट लेक सिटीत पावडर, न्यूयॉर्कमध्ये कॉसमॉस, नॉर्थ कॅरोलायनात ड्रोनसाठी एअरपॉ अशी शहरभर पसरलेली चाचणी-केंद्रं एनएसएफ आणि उद्योगांच्या पैशातून उभी राहिली आहेत. थिओडोर रॅपापोर्ट यांची कारकीर्द या बाजूचा उत्तम नमुना. व्हर्जिनिया टेक, मग ऑस्टिन, मग २०१२ पासून न्यूयॉर्क. जिथे गेले तिथे वायरलेसचं नवं केंद्र काढलं, सोबत कंपन्याही. २८ गिगाहर्ट्झला शहरात मोबाईल चालणार नाही, लहरी भिंतींना आपटून मरतील, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यांच्या गटाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हॉर्न अँटेना अंशाअंशाने फिरवून मोजमाप घेतलं, आणि त्याच भिंतींवरून परावर्तित होऊन पुरेसा सिग्नल पोचतो हे २०१३ मध्ये छापलं. २०१६ मध्ये एफसीसीने तो पट्टा मोबाईलसाठी खुला केला. या कामाला बुद्धी लागतेच. पण महागडी उपकरणं, परवाना आणि कंपन्यांचं पाठबळ नसतं तर ते कागदावरच राहिलं असतं.

इथे भारतात परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडून घ्यायचा. त्याहून जीव खाते ती खरेदी. एक बरा सिग्नल अॅनालायझर घ्यायचा तर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधा, तिथे नाही असा अहवाल काढून जोडा, कंपनीकडून प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (ही वस्तू फक्त आम्हीच बनवतो असा दाखला) मागवा, खरेदी समितीच्या तारखेची वाट पाहा, तोवर कोटेशनची मुदत संपते. २०२५ मध्ये संशोधन संस्थांसाठी हे नियम बरेच सैल झाले, हे मान्य. सुरुवात होऊन पहिलं मोजमाप हाती येईपर्यंत एखादं वर्ष जाईल असं धरून चालावं. दुसरीकडे, सामायिक सोयी इथेही वाढल्या आहेत. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आठ संस्थांनी मिळून बांधलेलं ५जी टेस्टबेड २०२२ पासून उघडं आहे, त्यावर २२० कोटींहून जास्त खर्च झाला. २०२३ मध्ये देशभरातल्या १०० संस्थांना ५जी लॅब जाहीर झाल्या. तुमच्या कॉलेजला त्यातली एक मिळाली असेल, तर मुलाखतीच्या दिवशी ती उघडून दाखवायला सांगा. उपकरणांवर धूळ आहे की वायरी, यावरून बरंच कळतं.

कागद-पेन्सिलवाल्यांसाठी अंकाराचं उदाहरण

तुम्ही सिद्धांताचे असाल तर वरचा सगळा भाग विसरा आणि एरदाल अरिकान यांच्याकडे बघा. कॅलटेक, एमआयटी असं शिक्षण, इलिनॉयमध्ये थोडं शिकवणं, आणि १९८७ मध्ये मायदेशी, अंकाराच्या बिलकेंट विद्यापीठात. तिथेच बसून त्यांनी चॅनेल कोडिंगचा, म्हणजे वाटेत चुका झाल्या तरी संदेश शाबूत पोचवण्याचा, एक जुना प्रश्न वर्षानुवर्षं चघळला आणि २००९ मध्ये पोलर कोड प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये थ्रीजीपीपीने ते ५जीच्या कंट्रोल चॅनेलसाठी (फोन आणि टॉवरमधल्या सूचनांसाठी) स्वीकारले; २०१९ मध्ये त्यांना माहिती-सिद्धांतातला मानाचा शॅनन पुरस्कार मिळाला. जगाच्या मधोमध नसलेल्या विद्यापीठातून हे झालं, कारण या कामाला लागत होती ती सवड, आणि दरवर्षी पेपर मोजणारी समिती मानगुटीवर नसणं.

आता ही सवड तुलनेत कुठे बसते ते बघा. अमेरिकेत टेन्युअरचं घड्याळ साधारण सहा वर्षांचं. सहाव्या वर्षी बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवतात, आणि निकाल विरोधात गेला की वर्षभरात दुसरी जागा शोधायची. शिवाय वायरलेसचं स्वतःचं घड्याळ आहे : दर दहा वर्षांनी नवी पिढी. ६जी २०३० च्या सुमारास येऊ घातली आहे. म्हणजे आज रुजू होणाऱ्याच्या टेन्युअरचा निर्णय नेमका तेव्हा होणार, जेव्हा ६जीचे मोठे निर्णय होऊन गेलेले असतील आणि विषयाचं वारं दुसरीकडे फिरलेलं असेल. आयआयटीत प्रोबेशन एका वर्षाचं असतं. त्यानंतर बढती लांबू शकते, नोकरी सहसा जात नाही. लांब पल्ल्याच्या प्रश्नासाठी आज मला आयआयटी, आयआयएससी किंवा टीआयएफआरची खुर्ची मधल्या फळीतल्या अमेरिकी विद्यापीठापेक्षा स्पष्टपणे उजवी वाटते. दहा वर्षांपूर्वी हे वाक्य मी लिहिलं नसतं.

मानकांच्या बैठकीतला प्राध्यापक

ही तिसरी जात भारतात खऱ्या अर्थाने आयआयटीतच वाढली. नव्वदच्या दशकात मद्रासला अशोक झुनझुनवाला आणि भास्कर राममूर्ती यांच्या गटाने कॉरडेक्ट ही स्वस्त बिनतारी टेलिफोन यंत्रणा काढली. राममूर्ती बेल लॅब्ज सोडून १९८६ मध्ये परत आलेले. पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले. अभय करंदीकर पुण्याच्या सी-डॅकमधून १९९७ मध्ये आयआयटी मुंबईत आले. पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून ब्रॉडबँड पोचवायचा त्यांच्या गटाचा ‘ग्राममार्ग’ प्रकल्प २०१७ मध्ये मोझिलाची स्पर्धा जिंकला. ते नंतर आयआयटी कानपूरचे संचालक आणि २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. यातली मेख लक्षात घ्या : भारतात यशस्वी वायरलेस प्राध्यापकाला प्रशासन ओढून नेतं. अमेरिकेत त्याला कंपनी ओढते.

५जीआय या भारताच्या वेगळ्या ५जी मानकाचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या चाचणीत ग्रामीण भागासाठी टॉवर सहा-सहा किलोमीटरवर असतील असं गृहीतक भारताने आणलं. एवढ्या लांबून फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचायचा तर फोनमधला अॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालला पाहिजे. लहरीची शिखरं उंच असली की तो पूर्ण ताकदीने चालवता येत नाही. आयआयटी हैदराबादच्या किरण कुची यांच्या गटाने शिखरं सपाट करणाऱ्या पाय-बाय-टू बीपीएसके लहरीवर काम करून ते मानकात रेटलं. टेलिकॉम कंपन्यांनी वेगळ्या मानकाला कडाडून विरोध केला, आणि २०२१ च्या अखेरीस ५जीआय थ्रीजीपीपीच्या मानकाच्या रिलीज १७ या आवृत्तीत विलीन करायचं ठरलं. याला कोणी माघार म्हणतं, कोणी विजय. मला ही भारतातल्या वायरलेस प्राध्यापकाची सर्वांत खरी शाळा वाटते : चांगली लहर शोधणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं ती इतरांच्या गळी उतरवणं. पेपर मोजणाऱ्या समितीला हे दुसरं निम्मं दिसत नाही.

आपल्या कॉलेजाबद्दल खरं बोलायचं तर

१९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं आणि गावोगाव ‘ईअँडटीसी’च्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) पाट्या लागल्या. त्यांतून देशातल्या टेलिकॉमला माणसं मिळाली, हे मान्य करायलाच हवं. शासकीय कॉलेजात जागा एमपीएससीतून भरतात आणि जाहिरातीची वाट वर्षानुवर्षं बघावी लागते. तोवर तासिका तत्त्वावर काम. खाजगीत नियमाप्रमाणे आठवड्याला सोळा तास शिकवणं, वर नॅक, एनबीए या मान्यतांच्या आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टं जुळवण्याच्या (सीओ-पीओ मॅपिंग) फायली आणि जून-जुलैत प्रवेश समिती. ज्याला शिकवण्यात खरोखर रस आहे, त्याला ही खुर्ची वाईट नाही. फूरिएचं गणित पहिल्यांदा उमगलेल्या मुलाचा चेहरा आयआयटीत कमी बघायला मिळतो, कारण तिथली मुलं आधीच उमगल्याचं सोंग करतात. संशोधन मात्र तिथे टिकतं ते एखाद्या आयआयटीतल्या गटाशी कायमचा धागा बांधला तरच.

घाई असल्यामुळे कोणतीही खुर्ची घ्यायची, ही मात्र मला सगळ्यांत वाईट निवड वाटते. आरोग्यस्वामी पॉलराज खडकवासल्याच्या एनडीएतून नौदलात गेले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकले, सोनार बनवलं, आणि चाळिशी उलटून गेल्यावर स्टॅनफर्डला पोचले. तिथे १९९२ मध्ये त्यांनी मायमोच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेना वापरण्याच्या, पेटंटचा अर्ज केला तो थॉमस कैलाथ यांच्यासोबत, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये आपल्या सीओईपीतून बाहेर पडलेल्या प्राध्यापकासोबत. आज तुमच्या फोनला दोन-चार अँटेना आहेत त्या याच कल्पनेमुळे. तेव्हा हैदराबादच्या मोडेम कंपनीत पाच वर्षं घालवून परत यायचं असेल तर या, फक्त त्या पाच वर्षांत पेटंटसोबत दोन-तीन पेपरही छापून घ्या. आयआयटीची निवड समिती अजून पेटंट वाचत नाही.

आणि ऑफर आल्यावर, सही करण्याआधी, विभागप्रमुखांना एवढंच विचारा : गेल्या तीन वर्षांत रुजू झालेल्यांकडे आज पूर्ण वेळ पीएच.डी. विद्यार्थी किती, आणि पहिल्या वर्षी मला किती तास शिकवायचं आहे? मग त्या नव्या माणसांपैकी एकाला चहाला न्या आणि त्यालाही तेच विचारा. दोन्ही आकडे जुळले तर बाकीचं पुढे बघता येतं.